एक झाड, एक वही, वाचनालयाचं एक कार्ड : उन्हाळी सुट्टीची कृती

पहिल्या वर्षी मी फ्रीजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. सकाळी सात ते आठ निसर्गनिरीक्षण, दुपारी चार ते पाच अवांतर वाचन. स्केचपेनने चौकटी आखून, रंगवून. चौथ्या दिवशी लेकीने त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘शाळा कधी सुरू होणार?’

कागद काढून टाकला. चूक वेळांमध्ये नव्हती, चौकटींमध्ये होती. सकाळी पोरं खाली जाऊन ‘निसर्ग’ बघायची, म्हणजे नेमकं काय बघायचं हे त्यांना कळायचंच नाही. दुपारी मी हातात दिलेल्या पुस्तकात पेंग्विन असायचे. सकाळचा दुपारशी काही म्हणता काही संबंध नाही. आता पाचवा उन्हाळा चालू आहे आणि वेळापत्रक नाही, फक्त एक क्रम आहे. आधी बघायचं. बघताना कुठेतरी अडायचं. अडलं की पुस्तक उघडायचं. आणि पुस्तक म्हणतंय ते खरं आहे का, हे बघायला पुन्हा खाली जायचं. हा शेवटचा फेरा बहुतेक घरांत राहून जातो.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींची सुरुवात अशीच झाली होती. मुंबईत वाढणाऱ्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. घरात कुणाला ती ओळखता येईना, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. ही गोष्ट सांगताना सगळे त्या मुलाबद्दल बोलतात. मला मिलार्ड जास्त महत्त्वाचे वाटतात. सुट्टीत आपल्याला तेच काम आहे: व्याख्यान न देता कपाट उघडायचं. (बंदूक अर्थातच नको.)

पुढे जे लिहिते आहे ते पुण्याच्या कडेला एका सोसायटीत, माझी लेक, बहिणीचा मुलगा आणि शेजारची दोन अशा पाच ते तेरा वर्षांच्या पोरांबरोबर केलेलं आहे. जंगल लागत नाही. गाडी काढावी लागत नाही.

झाड एकच निवडा

घरापासून पाच मिनिटांच्या आत, स्लिपर घालून जाता येईल असं झाड हवं. लांबच्या टेकडीवरचं सुंदर झाड निवडलंत तर दोनदा जाणं होईल आणि तिसऱ्यांदा ‘उद्या जाऊ’ होईल. दुसरी अट, त्या झाडावर आत्ता काहीतरी घडत असलं पाहिजे. उन्हाळ्यात हे अवघड नाही. बहावा आणि ताम्हण फुलत असतात, काटेसावरीची बोंडं फुटून कापूस उडत असतो, करंजाला कोवळी पोपटी पानं असतात, आंब्याचं तर बोलायलाच नको. गुलमोहरही चालेल. तो मूळचा मादागास्करचा असला तरी आपल्या पोरांना तो सुट्टीचाच वाटतो. ताम्हण मिळालं तर उत्तम, ते महाराष्ट्राचं राज्यफूल आहे आणि शहरांत रस्त्याकडेला बऱ्यापैकी लावलेलं असतं. लोक रोज त्याच्याखालून जातात आणि नाव विचारलं की गप्प होतात.

झाड पोरांना निवडू द्या. आमच्या पोरांनी पार्किंगच्या टोकाचा बहावा निवडला. मला कोपऱ्यातला आंबा हवा होता. मी काही बोलले नाही, आणि ते बरंच झालं.

पहिल्या आठवड्यात फक्त मोजामोजी करा. ‘बघा किती सुंदर!’ म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि विषय संपतो. ‘शेंगा किती आहेत?’ म्हटलं की भांडणं लागतात, कारण एकाच्या एकतीस भरतात आणि दुसऱ्याच्या चौतीस. भांडण लागलं की लक्ष लागलं असं समजा. खोडाचा घेर दोरीने मोजा, खाली पडलेलं एक फूल उचलून पाकळ्या आणि पुंकेसर मोजा. बहाव्याच्या फुलात पाच पाकळ्या असतात आणि दहा पुंकेसर. पण दहाही सारखे नसतात. तीन लांब आणि वाकडे, चार मध्यम, तीन अगदी बुटके. हे मी सांगितलं नव्हतं. पाच वर्षांच्या भाच्याने पार्किंगच्या फरशीवर एकेक काढून ओळीत मांडले आणि म्हणाला, ‘मावशी, यांचं बाबा, आई आणि बाळ असं आहे.’ वनस्पतिशास्त्र म्हणून चूक. निरीक्षण म्हणून पैकीच्या पैकी.

वही : चार ओळी, जास्त नाही

दोनशे पानी, कोऱ्या कागदांची वही घ्या. रेघांच्या वहीत मुलं निबंध लिहायला लागतात. एका दिवसाला एक पान आणि पानावर चारच गोष्टी: तारीख-वेळ, काय दिसलं, किती, आणि एक प्रश्न. चित्र काढलं तर फारच छान. शुद्धलेखन तपासायचं नाही. लाल पेन तर घरातच ठेवू नका.

लेकीच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

‘२६ एप्रिल. ६.५०. शेंगा ३१ (काळ्या). फुलांचे घोस ४. एक मोठ्ठा काळा भुंगा आला, फुलाला लटकला, फूल वाकलं. प्रश्न – फुलं आत्ता येतायत तर शेंगा कुणाच्या?’

हा प्रश्न सोन्यासारखा आहे आणि मोठ्या माणसांना तो सुचत नाही, कारण शेंगा तिथे कायमच लटकलेल्या असतात. मला उत्तर माहीत होतं. सांगितलं नाही. त्या दुपारी पुस्तक उघडलं गेलं, आणि ते मी सांगितलं म्हणून नाही. त्यात सापडलं की बहाव्याची शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागतं. लटकताहेत त्या काळ्या शेंगा गेल्या वर्षीच्या फुलांच्या. ‘कशावरून?’ शेजारच्या मुलाने विचारलं. मग हाताशी येणाऱ्या एका घोसाला लाल दोरा बांधला. जूनमध्ये त्या दोऱ्याशी काडीसारख्या बारीक हिरव्या शेंगा दिसल्या तेव्हा पोरं जी ओरडली, तसं त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनातही ओरडताना मी पाहिलेलं नाही.

प्रश्नाच्या ओळीबद्दल एक सूचना. दर रविवारी आठवड्याचे सगळे प्रश्न मोठ्याने वाचा आणि मुलांनाच त्यातला एक निवडू द्या. पुढच्या आठवड्याचं पुस्तक त्या प्रश्नावरून ठरवायचं. सगळ्याच प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलात तर सुट्टीचा गृहपाठ होईल.

सकाळची वेळ आणि उन्हाची शिस्त

सकाळी साडेसहाला बाहेर, साडेआठला घरात. यात तडजोड नाही. विदर्भ-मराठवाड्यात तर अर्धा तास आधी उतरा; तिकडे मेमध्ये आठ वाजताच ऊन टोचायला लागतं. डोक्यावर टोपी, पाठीवर पाण्याची बाटली, घरी आल्यावर पन्हं किंवा कोकम सरबत. मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतंय म्हणालं, अंग तापलं आणि घाम येईनासा झाला तर लगेच सावलीत घ्या, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

बाकी सावधगिरी थोडक्यात, पण मनावर घ्या. दगडाखाली, पालापाचोळ्यात, बिळात हात घालायचा नाही, काठीने हलवायचं. आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला जायचं नाही, दगड मारणं तर सोडाच. गावाकडे कुंपणाला खाजकुइलीच्या मखमली शेंगा वाळलेल्या असतात, त्यांचं कूस लागलं की दिवस वाया. कण्हेर, धोतरा, एरंड आणि लालचुटूक गुंजा या विषारी आहेत, हे पोरांना झाड दाखवून सांगा. नुसती नावं सांगून उपयोग नाही. बहाव्याच्या शेंगेतला काळा गर गोडसर लागतो आणि जबरदस्त रेचक असतो, हे आम्हाला आजीने वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं.

जमिनीवर पक्ष्याचं पिल्लू सापडलं की मुलं खोका शोधायला धावतात. थांबवा. अंगावर पिसं आलेलं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच फांदीवर ओरडत असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवायचं आणि आपण लांब जाऊन बसायचं. घरट्यातली अंडी काढणं, पिल्लं आणून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही मोठ्या मुलांना सांगून ठेवावं.

झाडच नसेल तर परळ

सातव्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी हा भाग. कुंभाराकडून पक्ष्यांच्या पाण्यासाठी मातीचं पसरट परळ आणा. पाणी दोन बोटं खोल, मध्ये एक दगड, जागा सावलीची. रोज सकाळी पाणी बदलायचं आणि परळ घासायचं. नाहीतर डासांची सोय होते. पक्षी यायला आठ-दहा दिवस लागतात. या दिवसांत ‘कुणी येतच नाही’ अशी कुरकुर होईल, होऊ द्या.

मग वहीत दोन रकाने: कोण आलं, काय केलं. प्यायलं, अंघोळ केली, की नुसतं बसून गेलं? पक्षी ओळखायला आमची एक साधी पट्टी आहे. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? आधी आकार, मग चोच, मग शेपटी, रंग सगळ्यात शेवटी. मुलं नेमकं उलटं करतात: ‘काळा होता!’ एवढ्यावर पुस्तकात दहा पक्षी निघतात.

फोनमधली ॲप्स मी वापरते. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन फुकट आहे आणि पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. पण आमच्याकडे नियम आहे की वहीत आकार, चोच आणि शेपटी लिहिल्याशिवाय फोन मिळत नाही. तो मोडला तेव्हा काय होतं तेही पाहिलंय. नाव कळतं आणि पक्ष्याकडे बघणं संपतं.

कोकिळेचं भांडण

या एका गोष्टीवर थोडी रेंगाळते. भाच्याच्या एका पुस्तकात कविता होती, तिच्यात ‘कोकिळा गाते’. त्याच आठवड्यात सकाळी बहाव्यावर ‘कुहू’ सुरू झालं आणि पोरांनी शोधून काढलं तर पानांत लाल डोळ्यांचा काळा कुळकुळीत पक्षी. जवळच तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेला दुसरा. तो मात्र ‘किक्‌-किक्‌-किक्‌’ करत उडाला. पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. काळा तो नर, तोच गातो. ठिपक्यांची ती मादी, तिला गाणं नाही. आणि ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

‘म्हणजे कविता खोटी?’ भाचा खरोखर दुखावला होता. मी काही उत्तर दिलं नाही, कारण मलाही पटकन सुचलं नाही. लेक म्हणाली, ‘कवीने आवाज ऐकला असेल, बघितलं नसेल.’ मराठीत गाणाऱ्या गळ्याला कोकिळाच म्हणायची सवय आहे, मग आपण ‘कोकीळ गातो’ म्हणायचं का, यावर जेवणापर्यंत वाद झाला. आजीने सांगितलं की आम्ही ‘कोकिळा’ म्हणायचो आणि तेच म्हणणार.

मुलाला पुस्तकात चूक सापडली की त्याचं वाचन बदलतं. ते पुस्तकाला बरोबरीच्या नात्याने वागवायला लागतं. त्यामुळे अशी चूक सापडली तर सारवासारव करू नका.

वाचनालयाचं कार्ड मुलाच्या नावाने

पुस्तकं विकत घ्याच, पण सुट्टीभर पुरतील एवढी कुणाला परवडत नाहीत. आपल्याकडे बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी सरकारमान्य सार्वजनिक वाचनालय असतं. दारावरच्या पाटीवर अ, ब, क किंवा ड वर्ग लिहिलेला असतो. वर्गावर जाऊ नका. ड वर्गातही कपाटाच्या खालच्या कप्प्यात खजिना निघतो. पुण्यातलं नगर वाचन मंदिर १८४८ चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, एवढी जुनी ही परंपरा आहे. वर्गणी आणि अनामत बहुतेक ठिकाणी पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडते.

फॉर्म मुलाला भरू द्या. सहीसुद्धा त्याचीच, वाकडीतिकडी. आमच्याकडे एका वाचनालयात काउंटरवरच्या गृहस्थांनी लेकीला विचारलं, ‘कितवीत? पाचवी? मग हे घे,’ आणि बोधकथांचं पुस्तक पुढे सरकवलं. ती ते घेऊन मुकाट घरी आली आणि उघडलंही नाही. पुढच्या वेळी आम्ही सकाळी अकराला, गर्दी नसताना गेलो आणि तिला आत रॅकपर्यंत जाऊ द्याल का, असं नीट विचारलं. दिलं त्यांनी जाऊ. चाळीस मिनिटं ती उभ्याउभ्या पुस्तकं काढत होती आणि बाहेर आली ती आठ पायांच्या कोळ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन. तिच्या वयाला जड होतं. तरी आणलं.

पुस्तक झेपेल का, हे पाहायचं असेल तर मधलंच एक पान वाचायला सांगा. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक एकट्याने वाचायचं नाही, आपण वाचून दाखवायचं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची गाडी मराठी वाचताना जोडाक्षरांवर अडखळते आणि ती लाजतात. त्यांच्याबरोबर एक पान मी, एक पान तू असं चालवा. त्यांच्या पानावर अडलं तर शब्द सांगून टाका. तिथे फोड करून घ्यायची नाही, गोष्ट पुढे जाऊ द्यायची.

एका वेळी तीन पुस्तकं घरात असावीत. एक आठवड्याच्या प्रश्नाचं, एक गोष्टीचं, आणि एक मुलाने स्वतः निवडलेलं, ते कितीही भुक्कड वाटलं तरी. अर्धवट सोडायची मुभा हवी. आपण नाही का सोडत?

घरबसल्या फुकट मिळणाऱ्या गोष्टीही भरपूर आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. सत्तरच्या दशकातले अंक आजीआजोबांबरोबर चाळा, ते तुमच्यापेक्षा जास्त रमतील. लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत चित्रगोष्टी आहेत. मराठी विश्वकोशही आंतरजालावर आहे. त्याची भाषा मुलांना जड जाते, म्हणून नोंद आपण वाचायची आणि स्वयंपाक करता करता सांगायची. बहाव्याला संस्कृतात आरग्वध म्हणतात, हे आमच्याकडे असंच कणीक मळताना कळलं.

एक दिवसाची सहल करायचीच असेल तर पाचगणीजवळचं भिलार बघा. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. लोकांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. कुणीही जावं, बसावं, वाचावं. मुलांना दुसऱ्याच्या घरच्या ओसरीत बसून वाचायचं अप्रूप वाटतं. शिवाय मेमध्ये तिथली हवा आपल्यापेक्षा बरी.

दुपारचं वाचून दाखवणं

जेवणं झाली, पडदे ओढले, फरशी पुसून गार केली की वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं. सहावी-सातवीतल्या मुलांनाही वाचून दाखवा. ‘मी काय लहान आहे का’ म्हणत ती शेजारी येऊन लोळतातच. उत्कंठेच्या जागी थांबा आणि पुस्तक उंचावर ठेवा. उद्यापर्यंत कुणीतरी खुर्ची घेऊन ते काढलेलं असेल.

वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात?’ हे विचारायचं नाही. तात्पर्य विचारलं की मूल पुढच्या वेळी गोष्ट ऐकत नाही, तात्पर्य शोधत बसतं. नोकरी करणाऱ्या आईबापांना दुपार जमत नाही, तेव्हा रात्री दिवे गेल्यावर वाचा. उन्हाळ्यात दिवे जातातच.

१३ मेची दुपार

दुपारच्या उन्हात दहा मिनिटं जायची परवानगी आम्ही सुट्टीत एकाच कारणासाठी देतो, शून्य सावलीच्या दिवसासाठी. पुण्यात हा दिवस १३ मेच्या सुमारास येतो. कोल्हापुरात साधारण आठवडाभर आधी, मुंबईत दोन दिवसांनी, नागपुरात २६ मेच्या आसपास. त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. ही वेळ घड्याळाच्या बाराची नसते. पुण्यात साडेबारा, मुंबईत १२.३५, नागपुरात १२.१० च्या सुमाराची.

खरी मजा एका दिवसात नाही. पाच-सहा मेपासून रोज त्याच वेळी गच्चीवर स्टीलचा उभा डबा ठेवा आणि सावलीच्या टोकावर खडूने खूण करून तारीख लिहा. सावली उत्तरेला पडते आणि रोज आखडत जाते. १३ ला ती डब्याच्या बुडाखाली जाते. आणि तिथून पुढे दक्षिणेकडे डोकावायला लागते! हे पुस्तकात वाचून कुणालाही काही वाटत नाही. गच्चीवर स्वतःच्या खुणा बघून मात्र लेक खाली आली ती थेट नकाशाची वही काढून बसली. दिल्लीच्या मावसभावाला फोन झाला, तुझ्याकडे कधी? त्याच्याकडे कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. हे तिने नकाशातून स्वतः शोधलं आणि त्याला अर्धा तास ऐकवलं.

गावाला गेल्यावर नावं गोळा करा

आजोळी गेल्यावर बहावा सुटतो, वही सुटू द्यायची नाही. तिथलं काम वेगळं: नावं विचारून लिहायची. आम्ही ज्याला भारद्वाज म्हणतो त्याला कुठे कुंभारकावळा म्हणतात, कुठे कुकुडकोंबा. एकाच झाडाला दोन तालुक्यांत दोन नावं निघतात. आजी, गुराखी, बाजारात करवंदं-जांभळं विकायला बसलेल्या मावश्या, यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही छापील पुस्तकात सगळं आलेलं नाही. कोकणात असाल तर रातांबे फोडून आमसुलं कशी करतात ते मुलांना हातांनी करू द्या, कपडे जुने घाला. वहीच्या मागच्या बाजूने ही नावं लिहायची, म्हणजे शेवटी मुलाचं स्वतःचं एक पुस्तक तयार होतं.

बिया, आणि पंचेचाळीस दिवसांचा हिशेब

मेच्या शेवटी, रोहिणी लागली की बियांचं काम काढा. आंब्याच्या कोया आणि फणसाच्या आठळ्या ताज्याच लावायच्या; वाळवून ठेवल्या की त्या उगवत नाहीत. बहाव्याचं नेमकं उलटं. त्याची शेंग फोडली की आत नाण्यांसारखे पडदे आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटी, दगडासारखी टणक बी. तीन कप मांडा: एकात साध्या पाण्यात बी जशीच्या तशी, दुसऱ्यात साध्याच पाण्यात फरशीवर घासलेली, तिसऱ्यात उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवलेली. गरम पाणी आपण ओतायचं. आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं. घासलेल्या बिया दुसऱ्या दिवसापर्यंत फुगलेल्या असतात. जशीच्या तशी ठेवलेली महिनाभर ढिम्म हलत नाही, आणि ते का, हा पुढच्या रविवारचा प्रश्न.

आणखी एक हिशेब सुट्टीभर चालू ठेवता येतो. लोक म्हणतात, बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस. पहिलं फूल दिसलं ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि दिवस मोजत राहा. आमच्याकडे दरवर्षी यावरून एक भांडण ठरलेलं: मेमधला वळीव धरायचा का? भाचा म्हणतो पाऊस तो पाऊस. लेक म्हणते, मोसमी पाऊसच हवा. वर्षावर्षाचे आकडे एकाच वहीत राहावेत म्हणून तिची पहिली पानं जपून ठेवली आहेत. चार वर्षांत पंचेचाळीस एकदाही आलेलं नाही. ज्यांना हे जास्त नेमकेपणाने करायचं आहे त्यांनी सीझनवॉच हा उपक्रम पाहावा. त्यात आपलं एक झाड नोंदवून दर आठवड्याला पानं, फुलं, फळं किती हे कळवायचं असतं. देशभरातली शाळकरी मुलं त्यात आहेत.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन खाली उतरा, अगदी साडेसहालाच. ओल्या मातीवर लाल मखमली मृगाचे किडे फिरत असतात, दिव्याखाली वाळवीच्या पंखांचा खच असतो, आणि बहाव्याच्या कोवळ्या पानांवर पिवळट-पांढरी फुलपाखरं अंडी घालायला घिरट्या घालतात. फुगलेल्या बिया त्याच आठवड्यात पिशव्यांमध्ये लावून टाका. आणि वाचनालयाची पुस्तकं शाळा उघडायच्या आधी परत करा. गेल्या वर्षी कोळ्यांच्या पुस्तकावर आम्ही बावीस रुपये दंड भरलाय, तोही लेकीच्या खाऊच्या पैशातून.